मूळ गांव कोणतें?
(कोंकणपट्टींतून परगांवीं गेलेल्या कुळांच्या शोधाविषयीं)

लग्नाच्या बोलण्यांत गोत्र, पत्रिका आणि शिक्षण यांची विचारपूस झाली कीं एक प्रश्न हटकून निघतो, "आपण मूळचे कोठले?" कुटुंब पुण्याचें असो, सांगलीचें असो, इंदूर-बडोद्याचें असो कीं आतां परदेशीं स्थायिक झालेलें असो, "आम्ही मूळचे कोंकणांतले" हें उत्तर तयार असतें. परंतु "कोंकणांत कोठले?" असें विचारलें म्हणजे बोलणें अडतें. कोणी श्रीवर्धनचें नांव घेतो, कोणी गुहागरचें, कोणी "हरिहरेश्वराच्या बाजूस कोठेंतरी" असें म्हणून घरांतील वडील माणसाकडे पाहतो. आणि वडील माणूस "आमच्या आजोबांना ठाऊक होतें" असें सांगून मोकळा होतो.

आम्ही रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर राहतों. शाळेच्या चाकरींतून मोकळे झाल्यावर, थोडेंबहुत मोडी वाचतां येतें एवढ्या कारणानें, दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटींत अशीं कुटुंबें आमच्या ओटीवर येऊं लागलीं. येणारांच्या हातीं बहुधा आडनांव आणि एखाद्या गांवाचें अर्धेंमुर्धें नांव एवढेंच भांडवल असतें. त्यांस जें आम्ही तोंडीं सांगतों तेंच येथें जरा व्यवस्थित मांडावें असा विचार आहे.

आरंभींच एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. पूर्वजांविषयीं जो जो कागद आज सांपडतो, त्यांतील एकहि वंशजांच्या सोयीसाठीं लिहिलेला नाहीं. उपाध्यायानें आपला यजमान दुसऱ्याकडे जाऊं नये म्हणून लिहिलें, सरकारानें सारा वसूल व्हावा म्हणून लिहिलें, इनामदारानें इनाम टिकावें म्हणून लिहिलें. ज्याचें ज्याच्याशीं काम होतें, त्याचेंच नांव त्यानें लिहून ठेवलें. म्हणून कोणताहि कागद हातीं आला कीं "यांत काय लिहिलें आहे?" या प्रश्नाच्या आधीं "हें कोणीं, कोणाच्या गरजेसाठीं लिहिलें?" हा प्रश्न विचारावा. तसें केल्यानें कागदांत काय सांपडेल हें कळतें आणि काय सांपडणार नाहीं हेंहि कळतें.

कुळें गेलीं कां?

श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे होती आणि श्रीवर्धन जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखांत होतें. सिद्दीशीं वितुष्ट आल्यावर बाळाजी विश्वनाथ भट घाट चढून देशावर गेले, पुढें छत्रपति शाहूंच्या पदरीं राहिले आणि १७१३ सालीं त्यांस पेशवेपद मिळालें. बाणकोटच्या खाडीपलीकडील वेळासचे भानु त्यांच्याबरोबरच गेले. नाना फडणीस त्याच वंशांतले. एका घराण्याचा असा जम बसल्यावर त्याच्यामागें भाऊबंद, व्याही, शेजारी असे शेंकडों लोक गेले. कोंकणांत भातखाचर थोडें, भाऊ पुष्कळ. देशावर मात्र कारकून, फडणीस, सावकार, वैदिक, शिपाई या सर्वांची गरज होती. १८१८ सालीं पेशवाई संपली, तरी ओघ थांबला नाहीं. पुढें तो मुंबईकडे, संस्थानांकडे आणि सरकारी नोकऱ्यांकडे वळला.

येथेंच पहिली अडचण उभी राहते. जे गेले त्यांचीं आडनांवेंहि वाटेंत बदललीं. श्रीवर्धनचे भट पेशवे झाले, वेळासचे भानु फडणीस झाले, गोखल्यांच्या एका शाखेस रास्ते हें नांव पडलें. कोंकणस्थांचीं गोत्रें १४ आणि मूळ आडनांवें ६० असें परंपरा सांगते. आजचीं शेंकडों आडनांवें त्यांतूनच, हुद्द्यावरून, धंद्यावरून किंवा गांवावरून फुटलीं. उलट जोशी हें आडनांव धंद्यावरून पडलेलें असल्यामुळें अनेक गोत्रांत आढळतें. तेव्हां केवळ आडनांवावर विसंबून शोधास निघणारा मनुष्य दुसऱ्याच्याच घराचे उंबरठे झिजवतो.

शोधाचा आरंभ घरांत

म्हणून गाडींत बसण्यापूर्वीं घर धुंडाळावें. पहिला कागद म्हणजे महालयाची यादी. पितृपक्षांत ज्यांचीं नांवें घ्यावयाचीं त्यांची एक यादी पुष्कळ घरांत पंचांगाच्या मागें, पोथीच्या पुठ्ठ्याआड किंवा उपाध्यायांच्या वहींत असते. तींत बाप, आजा, पणजा. आई, आजी, पणजी. आईचा बाप, आजा, पणजा. शिवाय चुलते, आत्या, मामा, मावशा, सासरे, गुरु अशीं नांवें गोत्रासह असतात. पुरुषनामापुढें 'शर्मा' व स्त्रीनामापुढें 'दा' लावून तीं उच्चारावयाचीं असल्यामुळें नांव शुद्ध ठेवण्याकडे कटाक्ष असे. यजमान बदलला तरी यादीच्या खालीं नांवें वाढत जातात, वरचीं एकदम पुसलीं जात नाहींत. एका यादीवरून पांच पिढ्या सहज लागल्याचें आम्हीं पाहिलें आहे.

दुसरा कागद जन्मपत्रिकेचा. तींत शक, संवत्सर, तिथि, वार, नक्षत्र हीं तर असतातच, पण जुन्या पत्रिकेच्या आरंभीं बापाचें, कधीं आजाचेंहि नांव आणि जन्मस्थळ असतें. पत्रिका फलासाठीं केलेली असल्यामुळें वेळेबद्दल ती अतिशय काटेकोर असते. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीस मात्र बहुधा ७९ मिळवावे लागतात. एवढ्या एका वर्षाच्या चुकीनें वडील भाऊ धाकटा ठरल्याचीं उदाहरणें छापील वंशावळींतहि आढळतात.

तिसरी गोष्ट कुळाच्या खुणांची. गोत्र, शाखा-सूत्र आणि कुलदैवत या तिन्ही खुणा एकत्र धराव्या. कोंकणस्थांत ऋग्वेदी आश्वलायन आणि कृष्णयजुर्वेदी हिरण्यकेशी असे दोन मोठे भाग आहेत. आडनांव एक, गोत्र एक, पण सूत्र निराळें असेल तर तें कूळ आपलें नव्हे असें समजून चालावें. कुलदैवताच्या बाबतींत सावध राहावें. हरिहरेश्वर किंवा गुहागरचा व्याडेश्वर हें कुलदैवत असल्यास शोधास दिशा मिळते. पण पुष्कळ कोंकणस्थांची कुलदेवी अंबेजोगाईची योगेश्वरी आहे, म्हणून मूळ गांव मराठवाड्यांत शोधूं लागणें व्यर्थ.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

घरचें धन संपल्यावर नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया या क्षेत्रांकडे वळावें. तेथील उपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. यात्रेस आलेला मनुष्य आपलें नांव, बापाचें, आजाचें नांव, भाऊ, मुलगे, गांव आणि तिथि लिहून देई. पुष्कळदां तें त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत असतें. पणजोबांचें अक्षर पाहून डोळे भरून आलेले गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत.

या वह्यांत शोध घेण्यास आडनांव व गांव दोन्ही सांगावीं लागतात. सध्यांचें गांव सांगून काम होत नाहीं. ज्या गांवाहून पूर्वज यात्रेस गेला तें सांगावें. इंदुरास गेलेला मनुष्य काशीस इंदूरकर म्हणून गेला असेल, तर कोंकणचें गांव त्याच्या नोंदींत नसेल. पण त्याच्या आजाची नोंद त्याच वहींत मागें असण्याचा संभव असतो, आणि तेथें गांव सांपडतें. म्हणून आपल्या नोंदीवर न थांबतां पानें मागें मागें उलटवावीं. वहींत नसलेला मनुष्य जन्मलाच नाहीं असें मात्र समजूं नये. ज्याच्याजवळ यात्रेस पैसा नव्हता तो वहींत नाहीं. ज्या भावानें मागें राहून घर आणि गुरें सांभाळलीं तो बहुधा वहींत नाहीं. गेलेल्यानें त्याचें नांव आठवणीनें सांगितलें असलें तरच तो आहे.

दप्तरांतील कागद

येथून पुढें काम दप्तराचें. त्यापूर्वीं एक भूगोल पक्का करावा. आज ज्यास रायगड जिल्हा म्हणतात तो १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता. म्हणून जुन्या छापील ग्रंथांच्या सूचींत 'कुलाबा' हेंच नांव पाहावें. अलिबागेभोंवतालचा मुलूख १८४० पर्यंत आंग्र्यांचा, त्यानंतर इंग्रजांचा. मुरूड, म्हसळें, श्रीवर्धन हा भाग जंजिरा संस्थानांत, तो १९४८ सालीं विलीन झाला. दोन शेजारच्या गांवांचे कागद दोन निराळ्या सरकारांच्या दप्तरांत असूं शकतात. गांव ठाऊक झालें कीं "त्या सालीं तेथें राज्य कोणाचें?" हा दुसरा प्रश्न. १८८३ सालीं प्रसिद्ध झालेलें मुंबई इलाख्याचें कुलाबा व जंजिरा यांवरील गॅझेटियर यासाठीं हाताशीं असावें.

पुण्यास पेशवे दप्तर आहे. तेथील कागद कापडी रुमालांत बांधलेले आणि मोडींत आहेत. त्यांतील वेंच्यांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत संपादून छापले; घरबसल्या आरंभ करावयाचा तर ते चाळावे. १९१० सालीं वि. का. राजवाडे यांनीं पुण्यास स्थापलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळांतहि घराण्यांचीं दप्तरें येऊन पडलीं आहेत. इनाम असलेल्या घराण्यांस आणखी एक वाट आहे. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशनानें इनामदारांचे हक्क तपासले, तेव्हां प्रत्येकानें कैफियत लिहून दिली व तींत वंशावळ जोडली. ही वंशावळ फार उपयोगी. पण ती हक्क सिद्ध करण्यासाठीं आहे हें विसरूं नये. ज्या शाखेचा हक्काशीं संबंध नव्हता ती तींत बहुधा गळालेली असते.

मोडी कागद वाचतांना नवशिक्यास दोन ठिकाणीं ठेंच लागते. पहिली वर्षाची. पेशवाईंत शुहूर सन चालत असे आणि तो अरबी संख्याशब्दांनीं लिहीत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, मिळून ११६१. हें वर्ष मृगापासून सुरू होई. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे १७६० येतात, आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांस ६०० मिळवावे लागतात. पानिपतचा संग्राम जानेवारी १७६१ चा, तो याच सनांत पडतो. दुसरी ठेंच नांवाची. ब्राह्मणाच्या नांवापुढें येणारें दुसरें नांव बापाचें असतें. बाजीराव बल्लाळ म्हणजे बाळाजीचा मुलगा बाजीराव, कारण बल्लाळ हें बाळाजीचेंच रूप. इतरांच्या नांवांत 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको.

त्यांतच आजाचें नांव नातवास ठेवण्याची चाल. बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलांत वारले. त्याच सालच्या डिसेंबरांत झालेल्या नातवाचें नांव बाळाजी ठेवलें, तेच नानासाहेब पेशवे. ज्या घराण्याची बखर झाली तेथें घोंटाळा होत नाहीं; पण सामान्य घराण्यांत विनायकाचा महादेव आणि महादेवाचा विनायक अशी माळ पांच-सहा पिढ्या चालते, आणि दोन विनायक एकच समजून मधल्या दोन पिढ्या गडप होतात. आजा आणि पणजा यांच्या सालांत साठ-सत्तर वर्षांचें अंतर दिसलें कीं मध्यें कोणीतरी हरवला आहे असें समजावें.

मोडीचें महत्त्व आतां नव्यानें लोकांच्या ध्यानीं आलें आहे. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां गांवोगांवचीं जुनीं बुकें वाचण्यास मोडी जाणणारांचा शोध सुरू झाला. एका पिढीनें शाळेंतून घालवलेली लिपि दुसऱ्या पिढीस हक्काच्या कामीं हवीशी झाली.

गांवांतील नोंदी

इंग्रजी अमदानीपासून पुढील काळासाठीं गांवांतील नोंदी पाहाव्या. जमिनीसंबंधीं सातबारा आज सर्वांस ठाऊक आहे. पण कुळाच्या शोधांत सातबाऱ्यापेक्षां फेरफाराचें पत्रक अधिक बोलकें. खातेदार मयत झाला, वारस अमुक लागले, वांटणी झाली, भावानें हिस्सा सोडला, जमीन विकली, हें सर्व त्यांत क्रमानें येतें. १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानंतर हीं पत्रकें तयार होऊं लागलीं. १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती रद्द करण्याचा कायदा यांमुळें तर प्रत्येक वाडीच्या मालकीची उलटतपासणी झाली; परगांवीं राहणाऱ्या मालकाचा पत्ता त्या कागदांत असण्याचा बराच संभव. पणजोबा १९५० च्या सुमारास कोठें राहत होते हें घरच्या कोणाला सांगतां येत नाहीं, पण कुळाच्या बाजूचा कागद सांगतो.

जन्ममृत्यूच्या नोंदी पूर्वीं गांवकामगारांकडे असत. लोक त्यांस कोतवाल बुक म्हणतात. १९६९ च्या कायद्यानें, जो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, हें काम सर्व देशांत एका पद्धतीवर आलें. जुन्या बुकांत मुलाचें नांव बहुधा नसतें, कारण बारसें होण्यापूर्वींच नोंद होई; 'अमक्यास मुलगा' एवढेंच असतें. तिथीवरून पत्रिकेशीं ताडा घालावा म्हणजे कोणता मुलगा तें ठरतें.

शाळेचें जनरल रजिस्टर हा आमच्या हातांतून गेलेला कागद. त्याविषयीं अधिकारानें सांगतां येईल. त्यांत मुलाचें नांव, बापाचें नांव, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधींची शाळा आणि शाळा सोडल्याचें कारण अशीं घरें असतात. जन्मतारखेवर फार भरंवसा ठेवूं नये. पुष्कळ आईबापांस तारीख सांगतां येत नसे आणि मास्तर १ जून ही तारीख घालून मोकळे होत. जुन्या रजिस्टरांत १ जूनला जन्मलेल्या मुलांची जणूं पलटण उभी असते. परंतु जन्मस्थळाचें घर विश्वसनीय, आणि शेवटचें कारणाचें घर तर या शोधांत सोन्यासारखें. 'बाप मुंबईस नोकरीस', 'कुटुंब परगांवीं गेलें' अशा दोन-तीन शब्दांत एखादें घर किनारा सोडून कधीं गेलें याची तारीख लागते. मुलींच्या पुढें तेथें 'लग्न झालें' असें आढळतें, आणि तिचा मागोवा त्या शाळेपुरता तेथेंच संपतो.

दुसऱ्यांच्या देशांतील धडा

असा शोध आपणच करतों असें नव्हे. आयर्लंडांत १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला. सुमारें १० लक्ष लोक मेले आणि तितकेच लोक देश सोडून गेले. त्यांचे वंशज आज अमेरिका, कानडा, ऑस्ट्रेलिया येथून आपलें मूळ गांव शोधीत येतात. तेथें पाद्री लोक बाप्तिस्मा व लग्न यांची नोंद चर्चच्या वहींत ठेवीत. सर्व जन्म, मृत्यु व लग्नें यांची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. पण ३० जून १९२२ रोजीं, अंतर्गत यादवींत, डब्लिन येथील सरकारी दप्तरखान्यास आग लागून शतकांचे कागद जळाले. १८२१ ते १८५१ च्या खानेसुमाऱ्यांचे बहुतेक कागद त्यांतच गेले. प्रॉटेस्टंट चर्चच्या ज्या वह्या सुरक्षिततेसाठीं दप्तरखान्यांत आणून ठेवल्या होत्या त्याहि मोठ्या प्रमाणांत जळाल्या. कॅथॉलिक चर्चच्या वह्या मात्र आपापल्या गांवीं राहिल्या होत्या म्हणून वांचल्या. कर बसविण्यासाठीं १८४७ ते १८६४ मध्यें केलेली घरांची व जमिनीची मोजणी आणि १९०१ व १९११ च्या खानेसुमाऱ्या, या उरलेल्या कागदांवर आज तेथील माणसें आपलीं घरें शोधतात. आपल्याकडील घरच्या कागदांस अशी आग क्वचित् लागते. आपल्याकडे पाऊस, वाळवी, घराची वांटणी आणि रद्दीवाला एवढे पुरे होतात. एका ठिकाणीं ठेवलेली वस्तु एका दिवसांत जाऊं शकते, हा धडा मात्र दोन्हीकडे एकच.

आपल्याच किनाऱ्यावरून ब्राह्मणांखेरीज इतरहि लोक गेले. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते कीं त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागेजवळ नवगांवास लागले. किहीमकर, थळकर, चौलकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर अशीं त्यांचीं आडनांवें म्हणजे या जिल्ह्याचा नकाशाच. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएल देशांत गेले. पण आडनांवांत गांव शिल्लक राहिल्यामुळें त्यांच्या नातवंडांस मूळ गांव विचारावें लागत नाहीं. दुसरे गेले ते मॉरिशस बेटांत. १८३४ पासून तेथें उंसाच्या मळ्यांवर करारानें मजूर नेऊं लागले; मुंबई बंदरांतून गेलेल्यांत कोंकणांतील माणसें पुष्कळ होतीं आणि तेथें मराठी समाज आजहि आहे. प्रत्येक मजुरास क्रमांक देऊन त्याचें नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव आणि जहाज हीं लिहून घेत. हे कागद मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपलेले आहेत. या एका गोष्टीचा वाचकांनीं विचार करावा. पालखींतून घाट चढलेल्या कित्येक घराण्यांस आपलें गांव सांगतां येत नाहीं, आणि जहाजाच्या तळाशीं बसून गेलेल्या मजुराचें गांव कागदावर पक्कें आहे. मळेवाल्यास त्याचे श्रम हवे होते, म्हणून त्याचें नांव लिहिलें गेलें.

जें लिहिलें गेलें नाहीं तें

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. या सर्व कागदांत स्त्रिया कोठें आहेत? पेशव्यांच्या घरांतील राधाबाई बर्व्यांच्या, काशीबाई चासकर जोश्यांच्या, गोपिकाबाई रास्त्यांच्या, हें आपण जाणतों. कारण तें राजकुल होतें. आपल्या स्वतःच्या पणजीचें माहेर किती वाचकांस सांगतां येईल? लग्नांत तिचें नांव बदललें, माहेरचें नांव मागें राहिलें, आणि वंशावळींत ती 'भार्या' या एका शब्दांत सामावली. श्राद्धविधींत आईच्या बापाचें, आजाचें, पणजाचें नांव त्यांच्या गोत्रानें घेतात. म्हणजे आईचें माहेर शास्त्रानें एक पिढी तरी राखलें. आजीच्या माहेरास तोहि आधार नाहीं, कारण आजी तेथें आपल्या नवऱ्याच्या गोत्रानें येते.

याचा परिणाम काय होतो तें एका उदाहरणानें सांगतों. बडोद्याकडील एक वृद्ध बाई आमच्याकडे आल्या. त्यांच्या आईची आजी या किनाऱ्यावरील एका गांवची, एवढेंच त्यांस ठाऊक. त्या घराण्याची छापलेली वंशावळ त्यांनीं मिळविली होती आणि तींत ज्या पुरुषाविषयीं त्यांस शंका होती त्याच्या नांवापुढें 'निर्वंश' असा शब्द होता. घराण्यांतील मंडळींनीं त्यांस सांगितलें, "त्या शाखेस कोणी नव्हतें, आपला कांहींतरी गैरसमज झाला असेल." आम्हीं फेरफाराचें पत्रक पाहण्याचा सल्ला दिला. त्यांत त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर विधवा बायकोचें नांव लागलें होतें, आणि ती वारल्यावर तीन मुलींचीं, सासरच्या नांवांसह व गांवांसह. मधली मुलगी ती त्या बाईंच्या आईची आजी. सारा कोणाकडून घ्यावयाचा हें सरकारास हवें होतें, म्हणून सरकारी कागदानें मुली लिहिल्या. पिंड कोण देणार एवढेंच घराण्यास पाहावयाचें होतें, म्हणून घराण्याच्या कागदानें तीन मुलींच्या बापास निर्वंश ठरविलें. बाईंनीं पत्रकाची नक्कल घडी करून पिशवींत ठेवली आणि "म्हणजे आम्ही होतों," एवढेंच म्हणाल्या.

तेव्हां नवी वंशावळ करणारांस आमची विनंति अशी. मुलगे लिहाल तशा मुली लिहा. त्यांचें माहेरचें नांव, सासरचें नांव व गांव द्या. प्रत्येक सुनेपुढें तिच्या बापाचें नांव, गोत्र व गांव लिहा. लहानपणीं वारलेलीं मुलें, दत्तक गेलेले व दत्तक आलेले मुलगे, घरांत आयुष्य काढलेली विधवा आत्या, यांस जागा ठेवा. कागदावरून घेतलेली गोष्ट आणि ऐकीव गोष्ट यांस निरनिराळ्या खुणा करा आणि ऐकीव गोष्ट कोणीं सांगितली तेंहि लिहा. मोठ्या घराण्याशीं आडनांव जुळलें म्हणून त्यास आपली शाखा जोडूं नका. खोट्या पूर्वजापेक्षां रिकामी जागा बरी, ती पुढें कोणी भरील.

आणि हें काम कागदापासून सुरू न करतां माणसापासून सुरू करावें. दप्तरांतील रुमाल आणखी दहा वर्षें तेथेंच राहतील; ऐंशी वर्षांची आजी राहील असें कोणी सांगावें? तिच्याजवळ बसून तिच्या आईचें माहेर, तिच्या सासूचें माहेर, लग्नाचें साल, गांवच्या घराच्या शेजारीं कोण राहत होतें, आंबा कोणत्या बाजूस होता, हें सर्व तिच्याच शब्दांत उतरून घ्यावें. गांवीं गेल्यावर जुनें घर ओळखण्यास सातबाऱ्याच्या क्रमांकापेक्षां असा आंबा किंवा विहीरच अधिक उपयोगी पडते. येत्या पितृपक्षांत सारें कुटुंब एकत्र येईल तेव्हां महालयाची यादी बाहेर काढावी, वडील मंडळींस विचारून ती दोन्ही बाजूंनीं पुरी करावी, आणि तिच्या जितक्या शाखा तितक्या नकला करून प्रत्येक घरीं एक एक पाठवावी.